घोड्यावरच्या शिकारीने शाहू महाराजांना माणसं दिली, पण पोटचा मुलगा हिरावून नेला

मालवणहून कोल्हापूरला जायचं म्हटलं की आमच्याकडची बरीच माणसं कणकवलीवरून फोंडा घाटाचा रस्ता धरतात. घाट चढून वर आलं की हवा बदलते, झाडी दाट होते आणि रस्त्याच्या कडेला गव्यापासून सावध राहा अशा पाट्या दिसायला लागतात. हे दाजीपूर. थोडं पुढे गेलं की राधानगरीचं धरण लागतं.

1958 साली दाजीपूरचं हे रान अभयारण्य म्हणून जाहीर झालं. राज्यातलं पहिलं अभयारण्य म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. पण त्याआधी हे जंगल कशासाठी राखून ठेवलं होतं? तर शिकारीसाठी. कोल्हापूरच्या छत्रपतींचं हे शिकारीचं रान होतं.

कोल्हापूरचे छत्रपती म्हटलं की पहिलं नाव येतं राजर्षी शाहू महाराजांचं. आरक्षण, वसतिगृहं, सक्तीचं मोफत शिक्षण, खासबागचं मैदान हे सगळं आपण शाळेपासून वाचत आलोय. पण हाच राजा पट्टीचा शिकारी होता, घोड्यांचा दर्दी होता आणि त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा घावही त्याला घोड्यावरच्या शिकारीनेच दिला, हे फार कमी जणांना माहीत असतं.

आज तीच गोष्ट सांगतो.

आजोळ शिकारी कुत्र्यांच्या गावचं

26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात एक मुलगा जन्माला आला. नाव ठेवलं यशवंतराव. वडील जयसिंगराव उर्फ आबासाहेब घाटगे, आई राधाबाई.

या राधाबाई मुधोळच्या घोरपडे घराण्यातल्या. आजच्या कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ हे तेव्हा एक छोटं मराठा संस्थान होतं. आता मुधोळ हे नाव कुठे ऐकलंय असं वाटत असेल तर बरोबर आहे. मुधोळ हाउंड नावाचा शिकारी कुत्रा इथलाच. लांब पाय, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड आणि वाऱ्यासारखी धाव. या कुत्र्यांची जात जपण्याचं श्रेय पुढे मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांना दिलं गेलं. इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना त्यांनी या कुत्र्यांची जोडी भेट दिली होती. अलीकडे आपल्या लष्करानेही या जातीची पिल्लं प्रशिक्षणासाठी घेतली.

थोडक्यात, एकीकडे कागलची घोडी आणि दुसरीकडे मुधोळचे कुत्रे. शिकार या मुलाला दोन्ही घरांतून मिळाली होती.

पण बालपण सुखाचं नव्हतं. यशवंतराव तीन वर्षांचे असताना आई गेली. त्याच काळात कोल्हापूरच्या गादीवरही संकट होतं. तिथले तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून ब्रिटिशांनी अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. 25 डिसेंबर 1883 रोजी तिथल्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत त्यांचा मृत्यू झाला.

गादी रिकामी पडली. राणी आनंदीबाईंनी 17 मार्च 1884 रोजी कागलच्या यशवंतरावांना दत्तक घेतलं आणि त्यांचे शाहू छत्रपती झाले. वय जेमतेम दहा. दोन वर्षांनी वडीलही गेले.

राजकोट, धारवाड आणि साहेबी खेळ

ब्रिटिशांना संस्थानांचे राजे आपल्या वळणाचे हवे होते. त्यासाठी त्यांनी राजपुत्रांच्या शाळा काढल्या होत्या. शाहू महाराजांना राजकोटच्या राजकुमार कॉलेजात पाठवण्यात आलं. पुढे 1890 ते 1894 या काळात त्यांचं शिक्षण धारवाडला झालं. तिथे स्टुअर्ट फ्रेझर नावाचे अधिकारी त्यांचे शिक्षक होते.

राजकोटला महाराजांची ज्यांच्याशी घट्ट मैत्री जमली ते होते भावनगरचे भावसिंहजी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे चित्त्यांच्या गोष्टीत भावनगर पुन्हा येणार आहे.

अशा शाळांमध्ये इंग्रजी आणि गणिताइतकंच घोड्यावर बसण्याला महत्त्व असायचं. कारण साहेबाच्या जगात घोडा आणि शिकार हा नुसता खेळ नव्हता, ती एक सामाजिक शिडी होती.

इंग्लंडमध्ये खेडोपाडी कोल्ह्यांच्या शिकारीचे क्लब असायचे. इथला कोल्हा म्हणजे फॉक्स, आपल्याकडचं खोकड त्याच्या जातकुळीतलं. या क्लबांची रचना ऐकण्यासारखी आहे. सगळ्यांच्या वर मास्टर. तो पैशांची आणि एकूण कारभाराची जबाबदारी घ्यायचा. त्याच्या खाली हंट्समन, जो शिंग फुंकून कुत्र्यांना हुकूम द्यायचा. त्याच्या मदतीला व्हिपर-इन, म्हणजे कळपातून फुटून निघालेल्या कुत्र्यांना चाबकाच्या धाकाने परत आणणारा. आपल्या विधानसभेत पक्षाचा व्हिप निघतो ना, तो शब्द इथूनच आलाय. आमदार फुटू नयेत म्हणून व्हिप, कुत्रे फुटू नयेत म्हणून व्हिपर-इन!

कुत्रे मोजायचे ते जोडीने. वीस जोड्या म्हणजे चाळीस कुत्रे. हे फॉक्सहाउंड वासावर चालतात. वास लागला की सगळा कळप भुंकत सुटतो आणि त्यांच्या मागे लाल कोट घातलेले घोडेस्वार कुंपणं, ओढे ओलांडत तासन् तास धावतात. मुधोळचा कुत्रा मात्र वासावर नाही, नजरेवर शिकार करतो. सावज दिसलं की सुसाट सुटायचं आणि काही क्षणांत निकाल लावायचा, ही त्याची पद्धत.

ब्रिटिश भारतात आले तेव्हा हा खेळही सोबत घेऊन आले. इंग्लंडहून बोटीने हाउंड मागवले जायचे. इथल्या उन्हाने आणि रोगांनी त्यातले बरेच मरायचे, म्हणून शिकार अगदी पहाटे चालायची. इंग्लंडातल्या फॉक्सच्या जागी इथे कोल्हेकुई करणारा आपला कोल्हा आला. उटीच्या थंड हवेतला क्लब सगळ्यात प्रसिद्ध झाला. आपल्याकडे पुणे आणि खडकीच्या छावणीतही गोऱ्या अधिकाऱ्यांचा हाउंडचा कळप होता.

पण त्याहून धाडसाचा समजला जाणारा खेळ होता रानडुकराच्या शिकारीचा. बंदूक नाही, कुत्रे नाहीत. हाकारे रान उठवणार, डुक्कर बाहेर पडणार आणि भाला हातात घेऊन घोडेस्वार त्याच्या मागे सुटणार. ज्याचा भाला आधी लागला त्याचा मान. मेरठजवळ यासाठी कादिर कप नावाची मोठी स्पर्धा भरायची. स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी तर 1889 मध्ये या खेळावर अख्खं पुस्तक लिहिलं.

यात धोका दोन बाजूंनी होता. चिडलेलं रानडुक्कर सुळ्यांनी घोड्याचं पोट फाडू शकतं. आणि भरधाव घोड्याला खड्डा, बांध किंवा ओहोळ दिसला नाही तर स्वार थेट जमिनीवर. डोक्यावर पडला तर खेळ संपला.

हे शेवटचं वाक्य पुढे आठवायचं आहे.

चित्तेवान, पारधी आणि पागेतली माणसं

2 एप्रिल 1894 रोजी वयाच्या विसाव्या वर्षी शाहू महाराजांनी राज्यकारभार हातात घेतला. धिप्पाड शरीर, कुस्तीचा नाद, हत्तींची साठमारी बघण्याची आवड आणि घोड्यांची पारख. नवी घोडी गाडीला सरावण्यासाठी जी साधी गाडी वापरतात तिला खडखडा म्हणतात. कोल्हापुरात महाराजांचा खडखडा प्रसिद्ध होता. राजा असून ते स्वतः लगाम हातात घेऊन गावोगाव हिंडायचे.

आणि मग होते चित्ते.

चित्त्याकडून शिकार करवून घेणं ही आपल्याकडची जुनी कला. मुघलांच्या काळापासून चालत आलेली. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीवर बसवायचं. गाडी हळूहळू काळविटांच्या कळपाजवळ न्यायची. काळविटं माणूस पाहून पळतात, पण शेतावरची गाडी त्यांच्या ओळखीची असते. पुरेसं जवळ गेलं की टोपी काढायची आणि चित्ता सोडायचा. जास्तीत जास्त काही शे मीटरची धाव. चित्त्याने काळविटाचा गळा धरला की त्याला सांभाळणारा माणूस धावत जाणार, त्याला त्याचा वाटा खायला देणार आणि पुन्हा टोपी चढवणार.

हे करणारे ते चित्तेवान. हे काम वाचून येत नाही. जंगलातून पकडून आणलेलं जनावर माणसाळवायचं, त्याच्याजवळच झोपायचं, त्याचा राग ओळखायचा. कोल्हापुरात चित्तेवानांची घराणीच होती. भारतातले चित्ते कमी होत गेले तेव्हा कोल्हापूर आणि भावनगर या दोन संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवून ही शिकार चालू ठेवली. राजकोटच्या त्या दोन मित्रांची ही संस्थानं.

शिकारीला दुसरी गरज असते ती रान वाचणाऱ्या माणसाची. पायाचा ठसा बघून जनावर कोणतं, कधी गेलं आणि किती लांब असेल हे सांगणारा माणूस. आपल्याकडे यात पारध्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. फासेपारधी हे नावच फास लावून तित्तर, ससे धरण्यावरून पडलं.

पण 1871 च्या कायद्याने ब्रिटिशांनी अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली होती. जन्माला आलं की गुन्हेगार! कुठे चोरी झाली की आधी पारध्यांची पालं उधळली जायची. गावात थारा नाही, जंगलात शिकारीची परवानगी नाही, मग पोट भरायचं कसं?

शाहू महाराजांनी याच माणसांना बोलावून कामावर ठेवलं. कोल्हापूरजवळच्या सोनतळी इथे महाराजांचा कॅम्प होता. तिथे पारध्यांना आसरा मिळाला, पहाऱ्याची आणि शिकारीची कामं मिळाली, पगार मिळाला. ज्यांच्यावर जग चोरीचा आळ घ्यायचं त्यांनाच राजाने आपल्या राखणीला उभं केलं. महाराजांचं म्हणणं साधं होतं. पोटाला काम मिळालं तर माणूस चोरी का करेल?

हीच पद्धत त्यांनी पागेत आणि हत्तीखान्यातही वापरली. अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या जातींतल्या माणसांना माहूत केलं, गाडीवान केलं. आज यात मोठं काय असं वाटेल. पण राजाच्या गाडीचा लगाम आणि राजाच्या हत्तीचा अंकुश ज्याच्या हातात, त्याच्याजवळ राजा रोज बसणार. सावली चालत नाही म्हणणाऱ्या समाजात हे राजा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करत होता.

पागेतून निघालेलं चहाचं हॉटेल

गंगाराम कांबळे यांची गोष्ट याच पागेतली.

गंगाराम महार समाजातले, सरकारी पागेत नोकरीला. तिथे पिण्याच्या पाण्याचा हौद सवर्ण नोकरांसाठी वेगळा होता. गंगाराम यांनी त्या हौदाला हात लावला म्हणून तिथल्या नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. परत आल्यावर गंगाराम सोनतळीला गेले आणि त्यांनी महाराजांना पाठीवरचे वळ दाखवले. महाराज भयंकर संतापले. मारणाऱ्यांना त्यांनी स्वतः शिक्षा केली.

पण शिक्षा करून प्रश्न सुटत नाही हे त्यांना कळत होतं. त्यांनी गंगाराम यांना नोकरीतून मोकळं केलं आणि स्वतःचा धंदा काढायला भांडवल दिलं. कोल्हापुरातल्या भाऊसिंगजी रोडवर गंगाराम यांनी चहाचं हॉटेल काढलं. नाव सत्यसुधारक.

आता महाराच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? कुणीच येईना. मग महाराजच आले. खडखडा दारात उभा करायचा, चहा मागवायचा आणि सोबतच्या सरदार, अधिकाऱ्यांनाही पाजायचा. छत्रपतींनी घेतलेला कप नाकारण्याची हिंमत कुणाची?

घोड्याच्या पागेत पाण्यावरून मार खाल्लेला माणूस भर रस्त्यावर सगळ्यांना चहा पाजायला लागला. अस्पृश्यता मोडायचे कायदे महाराजांनी बरेच केले, पण कोल्हापूरकरांच्या तोंडी आजही जास्त राहिली आहे ती ही चहाची गोष्ट.

जून 1918

महाराजांचं लग्न 1891 मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी झालं होतं. त्यांना दोन मुलगे. थोरले राजाराम, धाकटे शिवाजी.

राजपुत्र शिवाजी यांचा जन्म 1899 चा. वडिलांसारखीच त्यांनाही घोड्यांची आणि शिकारीची आवड. 6 जून 1917 रोजी त्यांचं लग्न झालं. नवरी होती सासवडच्या जगताप घराण्यातली. लग्नानंतर तिचं नाव इंदुमती झालं. तिचं वय होतं साडेदहा वर्षं.

लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. 12 जून 1918 रोजी राजपुत्र शिवाजी रानडुकराच्या शिकारीला गेले. डुकराचा पाठलाग सुरू असताना ते घोड्यावरून पडले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला.

वय अवघं 19.

ज्या खेळाला राजघराण्यात मर्दानी खेळ म्हणून मान होता, ज्याच्यासाठी पागा, हाकारे आणि भाले तयार असायचे, त्याच खेळाने राजाच्या घरातला तरुण मुलगा नेला. इथे दोष द्यायला शत्रूही नव्हता. महाराज आतून मोडले. मधुमेहाचा त्रास होताच, त्यानंतर त्यांची तब्येत पहिल्यासारखी राहिली नाही.

घरात आता अकरा वर्षांची विधवा सून होती.

त्या काळात याचा अर्थ काय होता हे वेगळं सांगायला नको. राजघराणं असो नाहीतर शेतकऱ्याचं घर, अशा मुलीचं पुढचं आयुष्य एका खोलीत, पडद्याआड संपायचं. कोल्हापूर संस्थानात महाराजांनी आदल्याच वर्षी, 1917 मध्ये, विधवांच्या पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा केला होता. लोकांच्या लेकीसुनांसाठी कायदा करणं वेगळं आणि स्वतःच्या वाड्यात परंपरेला तोंड देणं वेगळं. सुनेचा पुनर्विवाह काही झाला नाही. पण महाराजांनी दुसरा रस्ता धरला. सुनेला शिकवायचं.

घरातूनच विरोध झाला. राजाच्या विधवा सुनेने मास्तरांसमोर बसून शिकायचं, हे वाड्यातल्या मंडळींना पटणारं नव्हतं. तेव्हा महाराजांनी इंदुमतीदेवींची राहण्याची आणि शिक्षणाची सोय वाड्याबाहेर केली. कुठे? सोनतळीच्या कॅम्पवर. जिथे पारधी पहाऱ्यावर असायचे त्याच सोनतळीला. मुलगी एकटी पडू नये म्हणून सोबत शिकायला वेगवेगळ्या जातींच्या काही मुलीही ठेवल्या.

सुनेने पुढे डॉक्टर व्हावं आणि त्यासाठी दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जावं, अशी महाराजांची इच्छा होती. ती पूर्ण होण्याआधी महाराजच गेले आणि दिल्लीचा बेत बारगळला. पण इंदुमतीदेवी 1925 मध्ये मॅट्रिक झाल्या. पुढे कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी आयुष्यभर काम केलं. 1971 मध्ये त्यांचं निधन झालं.

मुलगा गेला त्याच वर्षी

1918 सालाकडे जरा नीट बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते. ज्या वर्षी घरात एवढा मोठा आघात झाला, त्याच वर्षात महाराजांनी आयुष्यातले काही सर्वांत कठीण निर्णय घेतले.

त्यातला एक होता हजेरी बंद करण्याचा. हजेरी म्हणजे काय? तर महार, मांग, रामोशी, बेरड अशा जातींतल्या माणसांनी रोज गावकामगारांपुढे जाऊन आपण गावातच आहोत असं दाखवायचं. गुन्हा केलेला असो वा नसो. परगावी जायचं तर परवानगी. कामाच्या शोधात बाहेर पडणंही अवघड. ही पद्धत महाराजांनी कोल्हापूर संस्थानात बंद केली.

दुसरा निर्णय महार वतनाचा. वतन ऐकायला मोठं वाटतं, पण जमिनीच्या एका तुकड्याच्या बदल्यात अख्ख्या कुटुंबाला गावाची आणि सरकारची फुकट कामं करावी लागायची. महाराजांनी ती वतनं रद्द करून जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर करायचा हुकूम काढला. वेठबिगारीवरही त्यांनी बंदी आणली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. राजेरजवाड्यांच्या शिकारी या वेठीवरच चालायच्या. साहेबाचा किंवा राजाचा मुक्काम पडला की आसपासच्या गावांतून हाकारे, ओझी वाहणारे, गवत आणि सरपण आणणारे धरून आणले जायचे. दिवसभर रानात ढोल बडवायचे आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी जायचं. वेठ बंद करणारा राजा हा स्वतः शिकारीचा शौकीन होता आणि त्याच्या वर्गाच्या शौकाची किंमत कोण चुकवतं हे त्याने मुक्कामावर, रानात, अगदी जवळून बघितलेलं होतं.

मार्च 1920 मध्ये माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते 28 वर्षांचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाराज स्वतः तिथे गेले आणि हाच तुमचा पुढारी असं लोकांना सांगून आले.

त्यानंतर महाराजांना फार दिवस मिळाले नाहीत. 6 मे 1922 रोजी मुंबईतल्या खेतवाडीत, पन्हाळा लॉज इथे त्यांचं निधन झालं. वय होतं 47.

शिकार संपली, मागे काय राहिलं?

महाराजांनंतर राजाराम महाराज गादीवर आले आणि कोल्हापुरात चित्त्यांची शिकार आणखी काही काळ चालली. पण रानात चित्ते उरत नव्हते. पाळलेल्या चित्त्यांची वीण तेव्हा जवळपास होतच नसे, त्यामुळे चित्ते जंगलातूनच धरून आणावे लागायचे. शतकानुशतकं हेच झालं. त्यात माळरानं नांगराखाली गेली, काळविटं घटली आणि बंदुकीही आल्या. 1947 मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले आणि 1952 मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. 1952 मध्येच गुन्हेगार जमातींचा कायदाही रद्द झाला. चित्ता 2022 मध्ये आफ्रिकेतून कुनोला परत आणता आला. पारध्यांच्या कपाळावरचा शिक्का मात्र कायदा गेला तरी अजून पुरता पुसलेला नाही.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आली. खुद्द इंग्लंडमध्येही कुत्र्यांचा कळप सोडून कोल्हा मारण्याचा खेळ 2004 च्या कायद्याने बंद झाला.

शाहू महाराज शिकारी होते ही गोष्ट लपवण्यासारखी नाही आणि मिरवण्यासारखीही नाही. त्या काळचा जवळपास प्रत्येक राजा शिकारी होता. पुष्कळांच्या शिकारीतून भिंतीवर टांगलेली शिंगं आणि पेंढा भरलेले वाघ तेवढे उरले. महाराजांच्या शिकारीतून सोनतळीचे पारधी, अंकुश हाती घेतलेले माहूत आणि मॅट्रिक झालेली विधवा सूनही उरली, म्हणून ही गोष्ट सांगावीशी वाटते.

आणि धरणही उरलं. राधानगरीचं धरण बांधायला महाराजांनी 1907-08 च्या सुमारास घेतलं. गावाला नाव दिलं मुलीचं, राधाबाईंचं. तलावाला नाव दिलं राणीचं, लक्ष्मी तलाव. पैशाअभावी ते काम महाराजांच्या हयातीत पूर्ण झालं नाही, पण पुढे याच पाण्यावर भोगावतीच्या काठचा ऊस उभा राहिला.

आमच्या मालवणातही महाराजांची एक खूण आहे. सिंधुदुर्ग किल्ल्यावर शिवराजेश्वराचं मंदिर आहे. 1812 पासून हा किल्ला आणि मालवण ब्रिटिशांकडे होतं, कोल्हापूरच्या गादीची इथे सत्ता उरली नव्हती. तरीही 1907 च्या सुमारास या मंदिरापुढचा सभामंडप बांधून दिला तो शाहू महाराजांनी. होडीतून उतरून किल्ल्यात शिरणारा प्रत्येक पर्यटक या मंडपात घडीभर उभा राहतो.

पुढच्या वेळी फोंडा घाट चढून दाजीपूरला आलात तर गाडी जरा हळू घ्या. रस्त्यात गवा आडवा येण्याची शक्यता आहेच. आणि हे रान राखलं गेलं शिकारीसाठी, वाचलं मात्र गव्यांसाठी, हेही जाता जाता आठवून बघा.